मोजले तरच वाचतील
बेघरांचे निवारे, ओपिऑइडचा ओव्हरडोस आणि वसई-विरारची जबाबदारी



स्मृतिव्याख्यानाला आपण जमतो ते एका माणसाला नावानिशी आठवण्यासाठी. तो कधी गेला, कशाने गेला, मागे काय ठेवून गेला, हे आपल्याला ठाऊक असतं. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्याबाबत यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव या स्टेशनांच्या आसपास, स्कायवॉकच्या जिन्यात, उड्डाणपुलाखाली, बंद गाळ्यांच्या ओट्यांवर रात्र काढणारी ही माणसं. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत कधीकाळी काम केलेली, नाक्यावर उभी राहून मजुरी मिळवणारी, घरातून निघून आलेली, घरच्यांनी काढून दिलेली. त्यांतले काही पन्नीवर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढतात, काही टोचून घेतात, काही जण खोकल्याच्या औषधाची बाटली आणि वर झोपेच्या गोळ्या घेतात. त्या गोळ्यांना रस्त्यावर ‘बटण’ म्हणतात. आणि त्यांतलं कुणीतरी एखाद्या रात्री झोपतं ते सकाळी उठत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या कुळातल्या द्रव्यांच्या ओव्हरडोसने येणारा मृत्यू हा टाळायला सर्वांत सोप्या मृत्यूंपैकी एक आहे. तो हळू येतो, त्याची खूण डोळ्यांना दिसते, त्यावर नेमका उतारा आहे. तरीही तो होत राहतो, कारण आपण तो मोजत नाही. तो मोजायला सुरुवात करण्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे बेघरांचा निवारा.

कागदावर मृत्यू कसा हरवतो

फलाटाच्या टोकाला किंवा पुलाखाली सकाळी एक माणूस निपचित आढळतो. रेल्वेची हद्द असेल तर लोहमार्ग पोलीस येतात, बाहेरची असेल तर स्थानिक ठाण्याचे. अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होते. पंचनाम्यात लिहिलं जातं: अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35 ते 40, अंगाने सडपातळ, अंगावर जखमा नाहीत. जखमा नाहीत म्हणजे घातपात नाही. घातपात नाही म्हणजे घाई नाही.

शवविच्छेदन होतं. फुप्फुसांत पाणी साठलेलं, मेंदूला सूज, बाकी विशेष काही नाही. ओव्हरडोसचं शरीर उघडल्यावर बहुतेक वेळा एवढंच दिसतं. डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवतात आणि मृत्यूच्या कारणावरचं मतही राखून ठेवतात. नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. मुंबईच्या परिसरात ती कलिन्याची. तिथे खुनांचे, बलात्कारांचे, विषप्रयोगांचे नमुने रांगेत असतात. अहवाल यायला महिने लागतात. एखाद्या घरातला माणूस गेला असेल तर त्याचे नातेवाईक हेलपाटे घालतात, विम्यासाठी, वारसासाठी, निदान मनाच्या समाधानासाठी. बेवारस माणसासाठी हेलपाटे कोण घालणार? अहवाल आलाच तर तो पोलिसांच्या फाइलला लागतो. तिथून तो महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीपर्यंत पोहोचून कारणाचा रकाना दुरुस्त होणं ही क्वचित घडणारी गोष्ट.

रुग्णालयात आणलेल्याचं तरी वेगळं काय होतं? मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यात, नमुना 4 मध्ये, तीन ओळी असतात. तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि मूळ कारण. आपल्याकडे पहिल्याच ओळीत ‘हृदयक्रिया व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असं लिहून दाखला पुरा होतो. हृदय आणि श्वास तर प्रत्येकच मृत्यूत बंद पडतो. ते का बंद पडलं, हे तिसऱ्या ओळीत यायला हवं आणि तीच ओळ रिकामी राहते. शिवाय 2020 सालच्या देशाच्या अहवालानुसार नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंचं कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेलं होतं. घर, नातेवाईक आणि कागदपत्रं असलेल्यांच्या देशात ही अवस्था. फूटपाथवरच्या माणसाचा हिशेब कुठे लागणार?

यात कुणा एका पोलिसाचा किंवा डॉक्टरचा दोष मी काढत नाही. प्रत्येक जण आपापल्या टेबलापुरतं काम नीट करतो, आणि तरीही शेवटी मृत्यूचं कारण कुणालाच कळत नाही.

झोप आणि मरण यांतला फरक

ओव्हरडोस म्हणजे नेमकं काय होतं, हे सामान्य नागरिकाला माहीत असायला हवं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

श्वास आपण ठरवून घेत नाही. मेंदूच्या तळाशी एक केंद्र आहे, ते रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास घ्यायला लावतं. हेरॉइन, ब्राऊन शुगर, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी द्रव्यं वेदनेवर काम करतात तशीच या केंद्रावरही करतात. ते मंदावतं. मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेणारा माणूस सहावर येतो, मग चारवर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. ओठ आणि नखं निळसर पडतात. घशातून घरघर येते आणि पाहणाऱ्याला वाटतं, चांगला घोरतोय, झोपू दे. बहुतेक वेळा हे क्षणात घडत नाही. अर्धा तास, एक तास, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तेवढा वेळ माणसाला वाचवण्यासाठी मिळालेला असतो.

दारू किंवा ‘बटण’ सोबत घेतलं असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो, कारण तीही श्वासाला त्याच दिशेने ओढतात. त्याहून मोठा धोका आहे खंड पडल्यानंतरचा. रोज गर्द घेणाऱ्याचं शरीर त्या मात्रेला सरावलेलं असतं. तो तुरुंगात गेला, रुग्णालयात राहिला किंवा व्यसनमुक्ती केंद्रात महिना काढून आला की टर्की, म्हणजे नशा सुटल्यावरचा त्रास, संपते आणि तो सरावही संपतो. बाहेर येऊन त्याने जुन्या सवयीची पुडी घेतली की तीच त्याच्यासाठी मारक ठरते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या 129 पट आढळला. ठाण्याच्या कारागृहातून सुटून, खिशात पैसे नसताना, जाण्यासारखं घर नसताना विरारच्या गाडीत बसणाऱ्या माणसाचा विचार करा. तो कुठे उतरणार, पहिली रात्र कुठे काढणार आणि कोणासोबत?

यावर उतारा आहे. त्याचं नाव नॅलोक्सोन. ते मेंदूतल्या त्याच जागेवर जाऊन ओपिऑइडला बाजूला सारतं आणि इंजेक्शन दिल्यावर दोन-पाच मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो. त्याची नशा चढत नाही, व्यसन लागत नाही. माणसाने ओपिऑइड घेतलंच नसेल तर त्याचा उपयोग होत नाही आणि अपायही होत नाही. परिणाम मात्र तास-दीड तासात ओसरतो, त्यामुळे माणूस पुन्हा बुडू शकतो. म्हणून रुग्णालयात नेणं टळत नाही. आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 सालीच सांगितलं की ज्यांच्या डोळ्यांदेखत ओव्हरडोस होऊ शकतो, त्या सर्वांच्या हाती हे औषध आणि ते वापरण्याचं शिक्षण असावं: मित्र, नातेवाईक, निवाऱ्यातले कर्मचारी. मणिपूर आणि नागालँडमध्ये स्वतः व्यसनातून गेलेल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन हे इंजेक्शन देऊन माणसं वाचवली आहेत. आपल्याकडे ते रुग्णालयाच्या कपाटात आहे. आणि पुलाखालचे मित्र अजूनही तोंडावर पाणी मारतात, थोबाडीत मारतात, मिठाचं पाणी टोचतात. त्यांना मित्राला वाचवायचंच असतं. कसं वाचवायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

किती मरतात?

2019 साली केंद्राच्या सामाजिक न्याय विभागासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. देशात सुमारे 2 कोटी 26 लाख लोक ओपिऑइड घेतात, त्यांपैकी सुमारे 77 लाख लोकांचं सेवन घातक किंवा व्यसनाच्या पातळीवरचं आहे आणि सुमारे साडेआठ लाख लोक टोचून घेतात, असा तिचा अंदाज होता. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 सालच्या अहवालात देशभरातले सगळ्या प्रकारच्या अमली पदार्थांच्या ओव्हरडोसचे मृत्यू आहेत 681.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. त्या 77 लाखांत वर्षाकाठी हजारी एक माणूस जरी ओव्हरडोसने जातो असं धरलं, तरी मृत्यू 7,700 होतात. हा केवळ धरून चालण्याचा हिशेब आहे, तसा दावा नाही. पण जगभरच्या अभ्यासांत या गटातलं प्रमाण हजारी एकाहून बरंच जास्त आढळलं आहे. म्हणजे 681 हा आकडा पाहून आपल्या देशात माणसं कमी मरतात असं समजणं धाडसाचं आहे. आपली मोजणी थिटी आहे, एवढंच त्यावरून ठामपणे म्हणता येतं.

आता कुणी म्हणेल, आपल्या भागात बातम्या येतात त्या एम.डी.च्या, मेफेड्रोनच्या. नालासोपाऱ्यात, वसईत पोलीस पकडतात ते एम.डी. खरं आहे. एम.डी. हे उत्तेजक द्रव्य आहे, त्याच्यावर नॅलोक्सोन चालत नाही आणि तो प्रश्नही गंभीर आहे. पण पोलीस काय पकडतात यावरून माणसं कशाने मरतात हे कळत नाही. पकडलेल्या मालाचं वजन होतं, किंमत ठरते, पत्रकार परिषद होते. गर्दच्या उधारीच्या पुडीवर जगणाऱ्या माणसाच्या मरणाची पत्रकार परिषद होत नाही. खरोखर कोणतं द्रव्य इथे जास्त जीव घेतं, हे सांगण्यासाठीच मोजायला हवं.

महाराष्ट्राने हे आधी केलेलं आहे

ही गोष्ट आपल्यासाठी नवी नाही. आपल्याच जिल्ह्यात, तो ठाण्याचा भाग असताना, 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली. कागदावर कुणी तापाने गेलं होतं, कुणी जुलाबाने, कुणी गोवराने. त्या मुलांच्या अंगावर मांस नव्हतं, हे त्या नोंदींत नव्हतं. कार्यकर्ते आणि पत्रकार पाड्यांवर गेले, घरोघरी विचारत हिंडले, तेव्हा ‘कुपोषण’ हा शब्द विधानसभेत पोहोचला. पालघरच्या माणसाला मृत्यूचं कारण कागदावर कसं हरवतं हे वेगळं शिकवावं लागू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आपल्या ‘सर्च’ या संस्थेच्या माध्यमातून गावागावांत जन्म आणि मृत्यू नीट मोजले. 2001 साली तेरा संस्थांच्या मोजणीतून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला आणि राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असल्याचं पुढे आलं. शासनाने नंतर डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. पण माझ्या दृष्टीने गडचिरोलीचा दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. मोजल्यावर कळलं की नवजात बाळं मुख्यतः जंतुसंसर्गाने जातात आणि रुग्णालय दूर आहे. मग गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, संसर्गाच्या खुणा ओळखायच्या आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. डॉक्टर नसलेल्या बाईने बाळाला सुई टोचायची, यावर तेव्हा केवढा आक्षेप होता! 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: त्या गावांत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. पुढे घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांपर्यंत गेली.

गडचिरोलीतली सातवी-आठवी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाला इंजेक्शन देऊन वाचवू शकते, तर वसईतल्या निवाऱ्याचा काळजीवाहक एका मोठ्या माणसाला नॅलोक्सोन देऊन का वाचवू शकणार नाही?

व्यसनाच्या बाबतीतही महाराष्ट्राने वाट काढलेली आहे. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली, तेव्हा अनिल अवचटांनी त्या जगात शिरून लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला; आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. व्यसनी माणूस आजारी आहे, गुन्हेगार नव्हे, ही गोष्ट मराठी समाजाने तेव्हा निदान मध्यमवर्गीय मुलांच्या बाबतीत मान्य केली. ज्यांना दाखल करायला आईवडील येतात, त्यांच्यासाठी दार उघडलं. ज्यांना आणायला कुणीच नाही, त्यांचं काम अजून बाकी आहे.

निवारा ही जागा का?

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेत 2010 साली शहरी बेघरांसाठी निवारे उभारण्याचे आदेश दिले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी मोजमाप ठरवलं: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा एक निवारा, वर्षभर, चोवीस तास उघडा. 3 जुलै 2009 रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 12 लाखांहून अधिक होती. त्या जुन्या लोकसंख्येवरच हिशेब केला तरी 12 निवारे हवेत, आणि 2011 नंतर या शहरात किती इमारती उभ्या राहिल्या हे आपण रोज पाहतो.

निवारा ही अशी जागा आहे जिथे बेघर माणूस रात्री कुणाच्या तरी नजरेसमोर झोपतो. ओव्हरडोसमध्ये जीव वाचतो तो कुणीतरी जागं असल्यामुळे. बोस्टन शहरात बेघरांसाठीच्या आरोग्य कार्यक्रमातल्या 28 हजार प्रौढांचा 2003 ते 2008 या काळातला अभ्यास झाला. 1,302 जण गेले आणि मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं अमली पदार्थांचा ओव्हरडोस. त्या ओव्हरडोसपैकी पाचातले चार ओपिऑइडचे होते. त्याआधी समजूत होती की बेघर माणसं एड्सने जातात. मोजल्यावर ती समजूत गेली आणि कामाची दिशा बदलली.

टोरांटो शहराने याही पुढे जाऊन दोन गोष्टी केल्या. निवाऱ्यात आणि बेघरांच्या इतर सेवांच्या ठिकाणी झालेले ओव्हरडोस, जीव गेलेले आणि जीव वाचलेले दोन्ही, मोजून ते आकडे जाहीर करायला सुरुवात केली. आणि 2017 पासून निवाऱ्यात राहत नसलेल्या बेघरांचे मृत्यूही नोंदीत घेतले.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. समजा, आपण उद्या निवाऱ्यांकडून आकडे मागवले आणि सगळीकडून ‘शून्य’ आलं. त्या शून्याचे दोन अर्थ होतात. एक, तिथे कुणाला ओव्हरडोस झाला नाही. दुसरा, नशा केलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं आणि तो पुढच्या पुलाखाली गेला. ‘नशेत असलेल्यास प्रवेश नाही’ असा नियम निवाऱ्याचा कागद स्वच्छ ठेवतो आणि मृत्यू बाहेर ढकलतो. इतरांच्या सुरक्षिततेसाठी शिस्त हवी, हे मला मान्य आहे. बाया आणि मुलं असलेल्या निवाऱ्यात तर हवीच. पण ज्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका आहे त्यालाच नाकारणारा निवारा पुरा निवारा नव्हे. शहरात किमान काही निवारे असे हवेत, जिथे नशेतला माणूसही आत येऊन कुशीवर झोपू शकेल आणि कुणीतरी त्याचा श्वास बघेल. आणि दारातून परत पाठवलेल्यांचीही संख्या नोंदवहीत हवी.

नोंदवहीत काय असावं

संगणक, अॅप, मोठी निविदा यांची वाट पाहण्याची गरज नाही. एक पान पुरे.

तारीख आणि वेळ. जागा: झोपण्याची खोली, संडास, जिना की दाराबाहेर. अंदाजे वय, स्त्री की पुरुष की तृतीयपंथी. काय घेतलं होतं असं सोबतचे सांगतात आणि ते ओढलं, टोचलं की गिळलं; सोबत दारू किंवा ‘बटण’ होतं का. श्वास किती होते, ओठ निळे होते का. गेल्या महिन्यात हा माणूस तुरुंगातून, रुग्णालयातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून आला होता का. काय केलं, 108 ला किती वाजता फोन केला, गाडी किती वाजता आली. शेवट काय झाला: शुद्धीवर आला, रुग्णालयात गेला, की दगावला.

नाव नको. आधार क्रमांक नको. बोटाचा ठसा नको, फोटो नको.

वाचलेल्यांची नोंद मृत्यूइतकीच मोलाची आहे. एका मृत्यूमागे अनेक ओव्हरडोस असे असतात ज्यांत माणूस वाचलेला असतो, आणि वाचला कसा हे त्यांतूनच कळतं. अशी पानं तीन-चार महिन्यांची साठली की ती बोलायला लागतात. बहुतेक घटना संडासात होताहेत, असं दिसलं तर कडी बाहेरून उघडता येईल अशी करायची. पहाटे दोन ते पाचमध्ये होताहेत, तर त्या वेळी दर अर्ध्या तासाने फेरी ठेवायची. तुरुंगातून नुकते सुटलेले जास्त आहेत, तर कारागृहाच्या दाराशीच त्यांना निवाऱ्याचा पत्ता आणि उपचाराचं नाव द्यायचं. एखाद्या आठवड्यात अचानक आकडा वाढला, तर बाजारात आलेल्या मालात काहीतरी घातक मिसळलं असण्याची शक्यता आहे, हे स्टेशनभर सांगायचं.

जे मृत्यू होतील त्यांचं अन्वेषण व्हावं. त्यासाठी नमुनाही आपल्याकडे आहे. बाळंतपणात बाई दगावली की मातामृत्यू अन्वेषण समिती बसते. उशीर कुठे झाला, घरी, वाटेत की रुग्णालयात, हे ती शोधते आणि शिक्षेपेक्षा शिकण्यावर भर असतो. महाराष्ट्राचा मातामृत्यू दर 2004-06 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे 130 होता, तो 2018-20 मध्ये 33 वर आला. याला अनेक कारणं आहेत. पण प्रत्येक मृत्यूचा हिशेब मागण्याची सवय हे त्यांतलं एक आहे. महापालिकेचा आरोग्य विभाग, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, पोलीस, लोहमार्ग पोलीस आणि निवारे चालवणाऱ्या संस्था यांनी तीन महिन्यांतून एकदा एका टेबलाशी बसून बेवारस मृत्यूंच्या फाइली आणि आलेले व्हिसेरा अहवाल वाचले, तर कागदावर हरवलेली कारणं पुन्हा सापडतील.

भीती दूर केल्याशिवाय नोंद खरी होणार नाही

आता सर्वांत अवघड गोष्ट. मित्र निळा पडलाय हे दिसत असूनही सोबतचे पळून का जातात? कारण फोन केला तर पोलीस येतील. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 27 खाली सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद. त्याच कायद्याच्या कलम 64अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट आहे, हे मात्र पुलाखाली कुणाला माहीत नसतं. वर 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहेच. उचलून नेतील ही धास्ती बेघर माणसाच्या पाठीवर कायम असते.

रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 134अ घालून संरक्षण दिलं गेलं. त्याआधी लोक जखमीला पाहून पुढे निघून जायचे, कारण कोर्टाच्या फेऱ्यांची भीती. ओव्हरडोस झालेल्या मित्रासाठी 108 ला फोन करणाऱ्याला असं संरक्षण कायद्यात नाही. ते यायला हवं आणि ती मागणी आपल्या खासदार-आमदारांकडे करायला हवी. तोवर 1 ऑक्टोबर 2020 पासून काम करणारं आपलं मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय एवढं नक्की करू शकतं: ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्यावर आणि वाचलेल्यावर त्या निमित्ताने सेवनाचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरायचा नाही, अशी सूचना ठाण्यांना द्यायची. आणि निवाऱ्याची नोंदवही तपासाचा कागद होणार नाही, हे महापालिकेने लेखी सांगायचं. पोलिसांच्या यादीसाठी मोजलेला माणूस पुन्हा निवाऱ्याकडे फिरकणार नाही; मग वहीही खोटी ठरेल आणि निवाराही.

‘उतारा हाताशी ठेवला की नशेला उत्तेजन मिळेल,’ असंही म्हटलं जातं. नॅलोक्सोन मिळाल्यावर माणसाला सुख होत नाही. त्याला टर्की येते. अंग दुखतं, उलट्या होतात, थंडी वाजते. त्याच्या आशेवर कुणी नशा वाढवत नाही. उलट शुद्धीवर आल्यानंतरचे काही तास असे असतात की माणूस उपचाराचं ऐकून घेतो. त्या वेळी समोर कुणीतरी हवं, ज्याला व्यसन सोडवण्यासाठी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनच्या उपचाराची माहिती आहे. 2017 साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार मेथाडोनच्या उपचारात असलेल्यांचा मृत्युदर, तो सोडून गेलेल्यांच्या साधारण एकतृतीयांश असतो. माणूस जिवंत राहिला तरच व्यसन सोडू शकतो.

काय मागायचं

शेवटी, या सभागृहातून बाहेर पडताना आपण काय मागणार आहोत ते ठरवू या. महापालिकेने लोकसंख्येच्या प्रमाणात निवारे उभे करावेत आणि त्यांतले काही नशेतल्या माणसालाही घेणारे असावेत. प्रत्येक निवाऱ्यात ती एक पानाची नोंदवही सुरू व्हावी आणि तिची गोळाबेरीज, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने, दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावी. निवाऱ्यातल्या कर्मचाऱ्यांना, रुग्णवाहिकेवरच्यांना, लोहमार्ग पोलिसांना आणि रस्त्यावरच्या माणसांत काम करणाऱ्यांना ओव्हरडोस ओळखायला, तोंडाने श्वास द्यायला, कुशीवर वळवायला शिकवावं. आज नॅलोक्सोन डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. आरोग्य अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाखाली प्रशिक्षित काळजीवाहकाला ते देता यावं, असा निर्णय राज्याच्या आरोग्य विभागाने घ्यावा. उपचार हवा असेल त्याच्यासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक प्रत्येक निवाऱ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

यातलं काहीही महाग नाही. यातलं काहीही नवं नाही. गडचिरोलीत झालं, मणिपूरमध्ये झालं, बाळंतिणींसाठी आपल्याच जिल्ह्यात रोज होतं. बेघर व्यसनी माणसासाठी ते झालेलं नाही, कारण त्याच्या बाजूने विचारणारं कुणी नाही. तो मतदार यादीत नाही, त्याचे नातेवाईक येत नाहीत, त्याचा मोर्चा निघत नाही.

म्हणून ते आपण विचारायचं. आपल्या महापालिकेत नऊ प्रभाग समित्या आहेत. या सभागृहात त्या सगळ्या प्रभागांतली माणसं बसली आहेत. प्रत्येकाने आपल्या प्रभाग कार्यालयात एक साधा अर्ज द्यायचा: आमच्या प्रभागात गेल्या वर्षी किती बेवारस मृत्यू झाले, त्यांतल्या किती जणांच्या मृत्यूचं कारण ठरलं आणि किती जण ओव्हरडोसने गेले? पहिल्या वर्षी उत्तर येईल की माहिती उपलब्ध नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारायचं. एखादा प्रश्न दर वर्षी नऊ ठिकाणी विचारला गेला की कुणाला तरी वही उघडावी लागते, आणि वही उघडली की पुढच्या रात्री फेरीवर कुणाला तरी निघावं लागतं.